‘राजकारण’ कोणत्या अर्थाने?

बदल्यांची यादी लागली, की शिक्षकांच्या खोलीत किंवा कचेरीत एक वाक्य हमखास उच्चारले जाते : ‘यात राजकारण झाले.’ तीच मंडळी दुसऱ्या दिवशी निक्षून सांगतात, ‘आम्हांला राजकारणाशी काही कर्तव्य नाही.’ पहिल्या वाक्यात राजकारण म्हणजे लबाडी. दुसऱ्यात पक्ष, पुढारी आणि निवडणुका. समाजाचे सामायिक निर्णय कोणी घ्यावयाचे, साधनांतील वाटा कोणास किती मिळावयाचा आणि त्याचा भार कोणी सोसावयाचा, हा या शब्दाचा तिसरा अर्थ. तो पाठ्यपुस्तकात आहे. बोलण्यातून मात्र जवळजवळ हद्दपार झाला आहे.

डावपेचांचा अर्थ अलीकडचा नव्हे. जुन्या पत्रव्यवहारांत आणि बखरींत राजकारण म्हणजे बहुधा एखादी विशिष्ट मसलत, वाटाघाट किंवा गुप्त संधान. ते चातुर्याचे काम समजले जाई, हलकटपणाचे नव्हे; दासबोधात तर राजकारणनिरूपणाचा स्वतंत्र समासच आहे. पुढे ‘पॉलिटिक्स’साठी मराठी, गुजराती व कन्नड यांत हाच शब्द रूढ झाला, तर हिंदी व बंगालीत ‘राजनीति’. नावात नीती असल्याने तिकडचा व्यवहार अधिक नीतिमान झाल्याचे ऐकिवात नाही! फ्रेंच व जर्मन भाषांत राजकारण आणि धोरण या दोहोंना एकच शब्द आहे. मराठीत ते दोन असल्यामुळे एक सोयीची वाटणी झाली : धोरण सरकार ठरविते, राजकारण पुढारी करतात. धोरण ठरविणे हेच राजकारण, ही गोष्ट त्यात झाकली जाते.

शब्दाची सीमा कोठे आखली जाते यावर पुष्कळ काही अवलंबून असते. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने 1887 साली सुरू झालेली सामाजिक परिषद काँग्रेसच्या अधिवेशनाला जोडून, त्याच मंडपात भरत असे. 1895 च्या पुणे अधिवेशनाच्या वेळी याला कडवा विरोध झाला आणि परिषदेला वेगळा मंडप घ्यावा लागला. नोकऱ्या, कर आणि विधिमंडळे हे राजकीय. बालविवाह, वैधव्य आणि जात हे सामाजिक, अशी ती फाळणी होती. महाडला ती टिकली नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव 1923 साली मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला; महाडच्या नगरपालिकेनेही 1924 मध्ये तसा ठराव केला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्रत्यक्ष घेतले, तेव्हा सत्याग्रहींवर हल्ले झाले आणि काही महिन्यांतच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निर्णय 1937 साली लागला. ओंजळभर पाण्यासाठी कायदेमंडळ, नगरपालिका आणि न्यायालय अशा तिन्ही पायऱ्या चढाव्या लागत असतील, तर त्या प्रश्नाला केवळ सामाजिक म्हणणे ही कोणाची सोय होती?

आजचा पांढरपेशा वाचक म्हणेल, आमचा याच्याशी संबंध काय? शासकीय कर्मचाऱ्याला तर 1979 चे वर्तणूक नियम राजकारणात भाग घेण्यास मनाई करतात. ती मनाई पक्षकार्याची आहे आणि तिला सबळ कारण आहे. विचार करण्याची मनाई नियमांत नाही. शिवाय घटनेच्या 171 व्या कलमाने विधान परिषदेत शिक्षकांना स्वतंत्र मतदारसंघच दिला आहे. ‘शिक्षकांनी राजकारणापासून दूर राहावे’ असे म्हणणाऱ्यांना याचा विसर पडलेला दिसतो.

या वाचकाचा सर्वांत जवळचा राजकीय दस्तऐवज म्हणजे त्याची वेतनचिठ्ठी. तीत ‘व्यवसाय कर’ असे एक कलम असते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आणि 1972 च्या दुष्काळाच्या अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिला पैसा हवा म्हणून 1975 च्या कायद्याने हा कर आला. त्याच्या उत्पन्नाइतकी भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालावी, अशी व्यवस्था झाली. 1977 साली विधिमंडळाने संमत केलेला हमीचा कायदा 26 जानेवारी 1979 पासून अंमलात आला. शहरातील पगारदाराच्या खिशातून दुष्काळी भागातील मजुराच्या हातात पैसा नेणारी ही रचना कोणत्याही निवडणूक प्रचारापेक्षा अधिक राजकीय होती. तिच्यात लबाडी नव्हती आणि पगारदारांपैकी बहुतेकांना तिचा पत्ताही नव्हता.

या कराची कमाल मर्यादा घटनेच्या 276 व्या कलमात आहे. ती मुळात वर्षाला 250 रुपये होती. 1988 च्या साठाव्या घटनादुरुस्तीने 2500 झाली, आणि त्यानंतर बदलली नाही. परिणामी दरमहा पंधरा हजारांवर राबणारा लेखनिक आणि पाच लाख घेणारा संचालक सारखेच 2500 भरतात. ही मर्यादा कोणाला सोयीची आहे, असे विचारणे म्हणजे राजकारण आणणे खरेच. पण ती घातली गेली तेव्हाच ते आलेले होते. अकरा महिने दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे, असा हिशेब जुळतो. फेब्रुवारीची चिठ्ठी हाती पडल्यावर एखादा नवखा विचारतो, हे शंभर रुपये जास्त कसले? हिशेबनीस मान वर न करता उत्तर देतो : दर वर्षी तसेच असते.