छोटा रॅचेट पाना निवडताना

मंडळी, गाडीची किरकोळ कामं घरीच करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. अर्धा इंची चौकाचा मोठा रॅचेट पाना माझ्याकडे आहे. मोटारीच्या चाकाचे नट त्यानेच सुटतात. पण स्कूटरच्या इंजिनाजवळ हात घातला की तो तिथे फिरतच नाही. म्हणून लश्करच्या बाजारातून पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटर चौकाचा आणला. आता हात आधी त्याच्याकडेच जातो.

घेताना मी दाते विचारतो. आत दातेरी चक्र आणि त्यात अडकणारी खिट्टी असते. चावीच्या घड्याळाला किल्ली देताना होते तीच टकटक. २४ दात्यांचा पाना पुढचा दाता पकडायला १५ अंश मागे न्यावा लागतो, ७२ दात्यांचा फक्त ५. अडचणीच्या जागी तेवढ्यावरच काम होतं किंवा अडतं.

लांब दांड्याचा मोह नको. स्कूटरचे पुष्कळ बोल्ट ६ मिलिमीटरचे, १० नंबरची गोटी लागणारे, ॲल्युमिनियममध्ये बसवलेले. त्यांना साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात. जास्त जोर लावून आटे गेले की लेथवाल्याकडे चक्कर ठरलेली! गंजलेला नट मात्र आधी साध्या पान्याने सैल करावा. बारीक दात्यांवर तो भार टाकू नये.

आणि आपल्या ग्वाल्हेरची उन्हाळी धूळ! आत जाड ग्रीस भरलं की धुळीचा चिखल होऊन खिट्टी चिकटते. शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब पुरे. आमच्याकडे ते आईच्या मशीनच्या खणातून येतं.