आमच्या गच्चीवरचा मंगळ

आमच्या घरात मंगळाचे नाव दबक्या आवाजात घेतात. माझ्या पुतणीच्या पत्रिकेत तो नको त्या घरात ठाण मांडून बसला आहे, आणि त्यापायी तिची एक सोयरीक मोडली आहे. मुलाकडच्या मंडळींना मुलगी पसंत, तिचे शिक्षण पसंत, आमचे पोहेसुद्धा पसंत. फक्त मंगळ नापसंत! मी मराठीचा प्राध्यापक. शब्दांवर माझे पोट चालते. पण त्या दिवशी चार खडे शब्द सुनवायचे सोडून मी त्या मंडळींना मुकाट्याने रिक्षापर्यंत पोचवून आलो. ही गोष्ट मला अजून सलते.

आम्ही धायरीला राहतो. एके काळी हे पुण्याबाहेरचे गाव. २०१७ साली त्याचा उरलासुरला भागही महापालिकेत आला. इमारतींनी आभाळ बरेच खाल्ले आहे. तरी गच्चीवर गेले की सिंहगड दिसतो आणि रात्री थोड्याफार चांदण्याही. २०२५ च्या जानेवारीत सोसायटीतल्या तरुण मंडळींनी तिथे आकाशदर्शनाचा घाट घातला. पुण्याला ही हौस नवी नव्हे. ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून पुणेकरांना मान वर करून पाहायला शिकवीत आली आहे. आमच्याकडे दुर्बीण घेऊन आला तोही असाच एक हौशी विद्यार्थी. मंगळ त्या दिवसांत पृथ्वीच्या जवळ, म्हणजे साडेनऊ कोटी किलोमीटरांच्या आसपास आला होता. पुनर्वसूच्या ताऱ्यांशेजारी निखाऱ्यासारखा दिसत होता.

मुलांची रांग लागली. रांगेत पुतणीही होती. वहिनी चटकन म्हणाल्या, "तू नको गं बघूस त्याला. आधीच काय थोडं आहे?"

गच्ची क्षणभर गप्प झाली. पुतणीने आईचा हात हळूच सोडवला आणि दुर्बिणीला डोळा लावला. बऱ्याच वेळाने म्हणाली, "काका, हा तर केवढासा आहे!"

विद्यार्थी सांगू लागला. मंगळाचा व्यास पृथ्वीच्या जेमतेम निम्मा. त्याचा तांबडेपणा लोखंडाच्या गंजाचा. म्हणजे बिचारा रागावलेला नाही, गंजलेला आहे! त्याची जमीन बरीचशी बेसॉल्टची. आपल्या सिंहगडाचा काळा कातळ त्याच जातीचा. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर म्हणजे अशाच कातळात उल्का आदळून झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर. मंगळावरची विवरे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ त्याचा अभ्यास करतात.

"मग तिथं कुणी राहतं का रे?" हा प्रश्न वहिनींचाच.

"अजून कुणालाच ठाऊक नाही, काकू. शोध चाललाय."

मग त्याने एक हकिगत सांगितली. वरून, अवकाशातून, सूक्ष्म जीव पृथ्वीवर येत असतील का, हे तपासायला डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ व २००५ साली हैदराबादहून प्रचंड फुगे सोडवले. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली. २००५ च्या नमुन्यांची तपासणी हैदराबादेत आणि पुण्यात झाली, आणि २००९ साली तीन नव्या जातींचे जिवाणू जाहीर झाले. एकाला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांचे नाव दिले, एकाला आर्यभटाचे, एकाला इस्रोचे. दुसरा कोणी असता तर 'परलोकीचे पाहुणे आले' म्हणून पेढे वाटून मोकळा झाला असता. इथे मात्र स्पष्ट सांगण्यात आले, की हे जीव अवकाशातूनच आले असे यावरून सिद्ध होत नाही. पुढे आर्यभटाच्या नावाचा जिवाणू जमिनीवरच्या मातीतही सापडला!

मी ऐकतच राहिलो. इतकी वर्षे शिकवतो आहे. पण 'ठाऊक नाही' हे दोन शब्द वर्गात मी किती वेळा उच्चारले? आणि आमच्या पुतणीचे भविष्य सांगणाऱ्याने तर एकदाही नाही! याच नारळीकरांनी २००८ साली ज्योतिषांचीही परीक्षा घेतली होती. २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या. त्यांवरून हुशार मूल कोणते आणि मतिमंद कोणते, एवढेच ओळखायचे. बरोबर उत्तरे आली सरासरी ४६ टक्के. नाणे उडवले असते तरी इतके जमले असते.

नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले. मुलांनी सही मागितली की ते म्हणत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. त्यांनी उभारलेल्या आयुकात शाळकरी मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. मुलांना उत्तरे पुष्कळ जण देतात. प्रश्न मागून घेणारा विरळाच.

त्या रात्री गर्दी ओसरल्यावर वहिनींनी पदर सावरून दुर्बिणीला डोळा लावला. बोलल्या काहीच नाहीत.

आता दिवाळी सरली, तुळशीचे लग्न लागले, की स्थळे पुन्हा सुरू होतील. "मुलीला मंगळ आहे का हो?" असे कुणी विचारलेच, तर पुतणीचे उत्तर तयार आहे: "आहे ना! मी पाहिलाय. तुम्ही पाहिलाय का?"

मंडळी त्यावर उठून गेली तर जावोत. या खेपेस त्यांना रिक्षापर्यंत पोचवायला मी जाणार नाही.