नव्या हेडफोनसाठी थांबायचं का?

'थांब ना यार, नवीन व्हर्जन येतंय!' हेडफोन घ्यायचा म्हटलं की ग्रुपमधला ऑडिओफाइल मित्र हेच सांगतो. पण थांबायचं किती? सोनीची गाजलेली डब्ल्यूएच-१००० सिरीज बघा. एक्सएम३ आला २०१८ मध्ये, एक्सएम४ २०२० मध्ये, एक्सएम५ २०२२ मध्ये आणि एक्सएम६ थेट २०२५ मध्ये! तीन वर्षं थांबून मिळालं काय? एक्सएम५ मध्ये गायब झालेली घडी परत आली, मायक्रोफोन आठचे बारा झाले. नॉइज कॅन्सलिंग सुरू असताना बॅटरी मात्र २०१८ पासून तीस तासच.

तुम्ही भंडारा-नागपूर एसटीने अपडाऊन करत असाल, तर इंजिनाची घरघर दाबायला जुनं मॉडेलही पुरतं. शेजारच्या सीटवरच्या गप्पा मात्र नव्यातही थोड्या ऐकू येणारच. म्हणून वाट बघायचीच, तर नवं आल्यावर जुन्याची किंमत उतरायची बघा.

आणि घरघर दबली की व्हॉल्यूमही खाली आणा. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच सुरक्षित मानते. हेडफोनची नवी व्हर्जन्स येत राहतील, कानांचं येणार नाही!