फळीवरचे पुस्तक, झोपाळा आणि शाळेसमोरचा उतार

आठवी-नववीच्या विज्ञानाच्या उत्तरपत्रिका तपासताना आम्हां शिक्षकांना एक गंमत दरवर्षी दिसते. ‘गतिज ऊर्जा म्हणजे काय?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक सगळे बिनचूक लिहितात. सूत्रही येते. पण ‘फळीवर ठेवलेल्या पुस्तकात कोणती ऊर्जा आहे?’ असे विचारले की पेन थांबते. कुणी लिहितो, ‘पुस्तक स्थिर आहे, म्हणून ऊर्जा नाही.’ व्याख्या पाठ आहे, पण ती घरातल्या फळीपर्यंत पोहोचलेली नाही. म्हणून या अंकात आम्ही सूत्रे बाजूला न ठेवता, पण रोजच्या वस्तू हातात घेऊन हा विषय मांडत आहोत. पालकांनी आणि विश्वस्त मंडळींनीही शेवटपर्यंत वाचावे अशी विनंती आहे. शेवटचा भाग खास त्यांच्यासाठी आहे.

वस्तू हलत असते म्हणून तिच्यात जी ऊर्जा असते ती गतिज ऊर्जा. वस्तूच्या जागेमुळे किंवा ताणलेल्या, दाबलेल्या आकारामुळे तिच्यात जी साठलेली असते ती स्थितिज ऊर्जा. हे दुसरे नाव थोडे फसवे आहे. ‘स्थितिज’ म्हटले की मुलांना ‘स्थिर’ आठवते आणि स्थिर म्हणजे मेलेले, असा समज होतो. आपल्या बेळगावातल्या मुलांना मात्र एक सोय आहे. कन्नड पुस्तकात याच ऊर्जेला ‘प्रच्छन्न शक्ती’ म्हणतात आणि गतिज ऊर्जेला ‘चलन शक्ती’. प्रच्छन्न म्हणजे लपलेली. आमच्या मते हे नाव अधिक बोलके आहे. मराठीत उत्तर लिहिताना ‘स्थितिज’च लिहा, पण मनात ‘लपलेली’ असे समजून घ्या, म्हणजे घोटाळा होणार नाही. इंग्रजीतला शब्द स्कॉटलंडचे अभियंते विल्यम रँकिन यांनी १८५३ साली रूढ केला. त्याचाही अर्थ ‘अंगात असलेली पण अजून न दिसलेली’ असाच काहीसा होतो.

आता ते पुस्तक. अर्धा किलोचे पुस्तक जमिनीपासून २ मीटर उंच फळीवर आहे. वस्तुमान, गुरुत्व त्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की ०.५ × ९.८ × २ म्हणजे ९.८ ज्यूल. ही ऊर्जा आली कोठून? ज्याने पुस्तक उचलून वर ठेवले त्याच्या दंडातून, म्हणजे त्याने सकाळी खाल्लेल्या भाकरीतून. फळीने ती दिलेली नाही, फळी फक्त राखण करते. आणि ही ९.८ ज्यूल जमिनीच्या मानाने. खाली पाऊण मीटर उंचीचे टेबल असेल आणि पुस्तक टेबलावर पडणार असेल, तर सव्वा मीटरचीच उंची धरायची, म्हणजे सुमारे ६ ज्यूल. स्थितिज ऊर्जा नेहमी कशाच्या तरी मानाने मोजावी लागते. गणित करताना ‘कोठपासून’ हे आधी लिहावे. निम्मे गुण तिथेच जातात.

सगळी लपलेली ऊर्जा उंचीची नसते. किल्लीच्या घड्याळात पिळलेली स्प्रिंग असते, बेचकीत ताणलेले रबर असते. भोवऱ्याचे वेगळे. तो जागच्या जागी उभा दिसतो, पण त्याचा कण न् कण फिरत असतो, म्हणून त्याची ऊर्जा गतिज. जमीन ठोकायची धुमस उचलताना कामगार तिला स्थितिज ऊर्जा देतो, सोडल्यावर तीच गतिज होते आणि माती दबते.

या दोन ऊर्जांची देवघेव सर्वांत छान दिसते ती झोपाळ्यावर. नागपंचमीला आपल्या भागात झाडाला झोके बांधतात. ३० किलोची मुलगी झोक्याच्या तळापेक्षा १ मीटर वर गेली, की क्षणभर थांबल्यासारखी होते. तेथे वेग शून्य आणि स्थितिज ऊर्जा सुमारे २९४ ज्यूल. खाली येता येता ती ऊर्जा गतीत बदलते आणि तळाशी वेग सेकंदाला ४.४ मीटर होतो, म्हणजे ताशी सुमारे १६ किलोमीटर. पलीकडे चढताना पुन्हा उलटा व्यवहार. आता तिच्या जागी ६० किलोची आई बसली तर तळाचा वेग किती? पुष्कळ जण ‘जास्त’ म्हणतात. वेग तोच राहतो. ऊर्जा दुप्पट, पण ती दुप्पट वजनालाच वाटली जाते. हे एकदा नीट पटले की पुढचे सोपे आहे.

पण झोका हळूहळू मंदावतो. मग ऊर्जेची अक्षय्यता कुठे गेली, असा प्रश्न हुशार मूल विचारतेच, आणि विचारावाच. ऊर्जा हवेला आणि दोरीच्या घासणीला मिळते व शेवटी उष्णतेच्या रूपाने पसरते. नाहीशी होत नाही, हाताशी राहत नाही एवढेच.

याचे मोठे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. गोकाकला घटप्रभा नदी सुमारे ५२ मीटर उंचीवरून कोसळते. एक घनमीटर, म्हणजे हजार किलो पाणी, वरून खाली येताना सुमारे ५ लाख १० हजार ज्यूल ऊर्जा सोडते. आपल्या घरच्या मीटरवरचे विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे कसलीही गळती धरली नाही तर सुमारे ७ घनमीटर पाण्यात एक युनिट. याच पडत्या पाण्याच्या जोरावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोकाकची सूतगिरणी चालू लागली. जे पाणी यंत्रात न जाता नुसते खाली आदळते, त्याची ऊर्जा कोठे जाते? पाणी तापते. हिशेब केला तर एका अंशाचा सुमारे आठवा भाग, ०.१२ अंश सेल्सिअस. ज्यांच्या नावाने आपण ऊर्जा मोजतो ते जेम्स ज्यूल १८४७ साली नव्या नवरीसह आल्प्स पर्वतात गेले असता धबधब्याचे तापमान मोजण्यासाठी मोठा थर्मामीटर घेऊन निघाले होते, अशी आठवण विल्यम थॉमसन या शास्त्रज्ञांनी सांगितली आहे. नवरीचे काय म्हणणे होते ते इतिहासात नाही.

आता खरा महत्त्वाचा मुद्दा. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराचे अर्धे. या ‘वर्ग’ शब्दावर मुले घाईने पुढे जातात. हॉलंडमधील लायडनचे प्राध्यापक विलेम स-ग्राव्हेसांद यांनी १७२० च्या सुमारास पितळी गोळे वेगवेगळ्या उंचीवरून मऊ मातीत टाकून पाहिले. वेग दुप्पट झाला की खळगा दुप्पट न होता चौपट होतो, असे त्यांना दिसले. फ्रान्समधील विदुषी एमिली द्यू शातले यांनी १७४० च्या आपल्या ग्रंथात हा मुद्दा मांडला. तोवर मोठमोठ्या विद्वानांत यावर जोरदार वाद चालू होता. तेव्हा ‘वर्ग’ लगेच पटला नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

हा प्रयोग घरी होतो. गणपतीच्या मूर्तीची शाडू उरली असेल तर ती मऊ मळून ताटात सपाट थापा. बेअरिंगची मोठी लोखंडी गोळी आधी २५ सेंटिमीटर उंचीवरून सोडा, मग दुसऱ्या जागी १ मीटरवरून. पहिल्या वेळी आदळतानाचा वेग सेकंदाला सुमारे २.२ मीटर, दुसऱ्या वेळी ४.४, म्हणजे बरोबर दुप्पट. गोळ्या अलगद काढून दोन्ही खळग्यांत बारीक रवा काठोकाठ भरा आणि कोणत्या खळग्यात किती मावला ते पाहा. बरोबर चौपट येणार नाही, मातीचा ओलावा सगळीकडे सारखा नसतो. पण दुपटीपेक्षा पुष्कळ जास्त येईल.

पालकहो, हाच वर्ग रस्त्यावर लागू होतो. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्कूटरची गतिज ऊर्जा म्हणजे तीच स्कूटर साडेतीन मीटर उंचीवरून पडल्यावर असेल तेवढी, म्हणजे पहिल्या मजल्यावरून. ताशी ६० केला तर दुसरा मजला नव्हे, १४ मीटर, म्हणजे चौथ्या मजल्याच्याही वर. वेग दुप्पट, पडण्याची उंची चौपट, आणि तेवढाच जोराचा ब्रेक लावला तर थांबायला लागणारे अंतरही चौपट.

स्कूटरवर पुढे उभे असलेले मूल आपल्याला स्थिर वाटते, कारण आपणही त्याच वेगाने चाललेलो असतो. रस्त्याच्या मानाने त्याचा वेग स्कूटरचाच असतो. मूल २० किलोचे आणि वेग ताशी ४० किलोमीटर धरू. त्याची गतिज ऊर्जा सुमारे १,२३५ ज्यूल. समोर काही आडवे आले आणि गाडी अर्ध्या मीटरात थांबली, तर त्याला तेवढ्याच अंतरात धरून ठेवायला सुमारे २,४७० न्यूटन बल लागेल. हे बल जवळजवळ २५० किलो वजन उचलून धरण्याइतके आहे. ‘मी हाताने धरते ना’ असे आपण म्हणतो. अडीच क्विंटल कोणत्या आईच्या हातात येईल? केंद्र सरकारने २०२२ साली नियम केला की चार वर्षांपर्यंतच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट हवे, व वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नसावा. चार वर्षांवरील प्रत्येकाला तर कायद्याने हेल्मेट आहेच. शाळा सुटताना फाटकापाशी उभे राहून पाहिले तर पालकांचे हेल्मेट बहुधा आरशाला लटकलेले दिसते आणि मुलाचे नसतेच.

आणि सायकली. शाळेसमोरचा उतार वरून खालपर्यंत अंदाजे ४ मीटर उतरतो. पायडल न मारता नुसती सायकल सोडली, तर हवेची व चाकांची घासणी वगळता खाली वेग ताशी सुमारे ३२ किलोमीटर होतो. पाचवीतल्या किरकोळ मुलाचाही तेवढाच आणि दहावीतल्या दांडग्या मुलाचाही तेवढाच, झोक्याप्रमाणे. मात्र ब्रेकला जी ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते ती वजनाप्रमाणे वाढते, आणि कॅरिअरवर मित्र बसवला तर पुष्कळच वाढते. पावसाळ्यात रिम ओली असते, रबर घसरते, आणि आपल्याकडचा पाऊस काही दोन दिवसांचा नसतो. जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी ब्रेकचे रबर पालकांनी स्वतः पाहावे. झिजून गुळगुळीत झाले असेल तर त्याच दिवशी बदलावे. मुलांनी ब्रेक वरपासूनच दाबत यावे. वेग वाढू देऊन पायथ्याशी एकदम दाबू नये.

विश्वस्त मंडळाकडे या उतारावर गतिरोधक बसवण्याची सूचना आली आहे, असे आम्हांस कळते. सूचना चांगली आहे, पण तो पायथ्याशी फाटकासमोर नको. तेथे सायकल ३२ च्या वेगाने येईल आणि गतिरोधकच मुलाला उडवील. माथ्यापासून सुमारे १ मीटर उतार झाल्यावर वेग १६ किलोमीटरच्या आसपास असतो आणि ऊर्जा पायथ्याच्या एक चतुर्थांश. पहिला गतिरोधक तेथे, दुसरा मध्यावर, दोन्ही बसके आणि पांढऱ्या पट्ट्यांचे असावेत. रस्ता सार्वजनिक असल्याने परवानगी लागेल. अर्जासोबत उताराचा नकाशा आणि वरचे आकडे जोडावयाचे असल्यास ते तयार करून देण्यास नववीचे विद्यार्थी व आम्ही तयार आहोत.