डोंगराच्या पायथ्याशी मुक्काम : तंबू कुठे ठोकायचा?

आम्ही करावे गावच्या. करावे म्हणजे नवी मुंबईत सीवूड्स स्टेशनजवळचं, खाडीकाठचं आगरी-कोळ्यांचं गाव. सपाट जमीन, चिखल, तिवरं आणि भरती-ओहोटी हे आमचं जग. डोंगराचं आम्हाला काय कळणार? पण गेले दोन हिवाळे आमचा बचत गट प्रबळगडाच्या कड्याखाली तंबूत मुक्काम करून आला. तिथे जे शिकलो, थोडं चुकून आणि पुष्कळसं तिथल्या बायांकडून, ते आज सांगायला बसलो आहोत.

तुमच्यातल्या कितीजणींची घरं गडाच्या नाहीतर घाटाच्या पायथ्याशीच असतील. तुम्हाला यातलं बरंच ठाऊक असेल. तरी ऐका. कारण हल्ली शनिवार-रविवारी तुमच्या शेतात तंबू ठोकायला येणाऱ्यांना यातलं काहीच ठाऊक नसतं, आणि जागा दाखवायचं काम तुमच्यावरच येतं.

आधी ठिकाण सांगतो. प्रबळगड पनवेल तालुक्यात, माथेरानच्या डोंगराजवळ आहे. शिवकाळाआधी त्याचं नाव मुरंजन होतं. त्याला लागूनच कलावंतिणीचा सुळका. या दोघांच्या खाली, डोंगराच्या खांद्यावर सपाटी आहे, ती प्रबळमाची. तिथे ठाकर समाजाची घरं आहेत. ही कुटुंबं आपल्या अंगणात, शेतात तंबू लावून देतात आणि भाकरी-पिठलं करून वाढतात. आम्ही लोकलने पनवेलला उतरलो, तिथून शेडुंगवरून ठाकूरवाडीपर्यंत गाडीने गेलो आणि पुढे चालत. चढ साधारण दीड-दोन तासांचा. आमच्यातल्या साठीच्या दोघींना अडीच तास लागले, पण त्या पोचल्या, आणि वर पोचल्यावर सगळ्यांत आधी चहाही त्यांनाच मिळाला.

आता मुद्द्याचं. डोंगराखाली झोपायचं तर सामान, कपडे, खाणं या सगळ्या नंतरच्या गोष्टी. पहिली गोष्ट जागा. आणि जागा ठरवताना पायाखाली बघण्याआधी मान वर करून बघायचं.

वर काय आहे? कडा असेल तर त्याचे दगड कधीतरी खाली येणारच. जिथे तंबू लावायचा तिथे आसपास पडलेले दगड नीट बघा. जुना दगड काळा, शेवाळलेला, मातीत रुतलेला असतो. नुकताच पडलेला दगड फुटलेल्या बाजूने उजळ दिसतो आणि मातीवर नुसता टेकलेला असतो. असे दगड दिसले की तिथून उठायचं. दगड पडायला पाऊसच लागतो असं नाही. माकडं उड्या मारतात, वर चढणाऱ्यांचा पाय घसरतो, तेवढंही पुरतं.

पावसाळ्याची गोष्ट मात्र वेगळी, आणि ती गंभीर आहे. प्रबळगडाच्या शेजारीच इर्शाळगड आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या उतारावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. लोक जेवून झोपलेले होते. २७ मृतदेह सापडले, ५७ जण सापडलेच नाहीत, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. वाडीपर्यंत रस्ता नव्हता, म्हणून यंत्रं वर नेता आली नाहीत. माणसं अंधारात, पावसात चालत वर गेली. मदतीला निघालेले आमच्या नवी मुंबईच्या अग्निशमन दलातले एक अधिकारी चढतानाच हृदयविकाराने गेले. त्याआधी जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातलं तळीये, त्याआधी जुलै २०१४ मध्ये आंबेगाव तालुक्यातलं माळीण. तिन्ही वेळा महिना जुलै.

हे कसं होतं ते समजून घेतलं पाहिजे. आपल्या सह्याद्रीत खाली काळा कातळ आणि त्यावर मातीचा, मुरमाचा थर असतो. दिवसचे दिवस पाऊस लागला की तो थर पाणी पितो. भिजलेलं धान्याचं पोतं कसं उचलवत नाही, तसा तो जड होतो. पाणी मुरत खाली कातळापर्यंत जातं, पण कातळात ते फारसं शिरत नाही. तिथेच साचतं आणि मातीची कातळावरची पकड सुटते. वर वजन, खाली निसरडं, आणि उतार. मग सगळा थर एकदम निघतो. काही वेळा तो आधी इशारा देतो : जमिनीला नव्या भेगा पडतात, झाडं नाहीतर विजेचे खांब कलतात, दारं-खिडक्या अडकायला लागतात, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होतं, किंवा भर पावसात वाहता ओहोळ एकाएकी कमी होतो. यातलं काही दिसलं तर सामान आवरत बसू नये. माणसं आणि गुरं घेऊन उताराच्या वाटेतून बाजूला निघायचं आणि मग तहसील कार्यालयाला कळवायचं. काही वेळा मात्र इशारा मिळतच नाही. म्हणून आमच्या गटाने ठरवलं आहे की जून ते सप्टेंबर डोंगराखाली मुक्काम करायचा नाही. दिवसा जाऊन हिरवाई बघून यावं, तेही प्रशासनाची बंदी नसेल तर. मुक्काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

दुसरी गोष्ट पाणी. कोरड्या ओढ्याची वाळू मऊ आणि सपाट असते, तंबूसाठी अगदी गादीसारखी. नेमकी तीच जागा टाळायची. अवकाळी पाऊस डोंगरमाथ्यावर पडतो, खाली आपल्या अंगावर थेंबही नसतो, आणि पाणी मात्र ओढ्याने खाली येतं. पाणी कुठवर चढतं हे झुडपंच सांगतात. खाडीत भरती उतरली की तिवरांना कचऱ्याची रेघ अडकून राहते, ती बघून आम्ही पाण्याची उंची ओळखतो. ओढ्याच्या काठच्या झुडपांतही तशीच रेघ असते : वाळलेलं गवत, काटक्या, प्लास्टिक. त्या रेघेच्या बरंच वर जायचं. शिवाय रात्री जनावरं पाण्यावर येतात, त्यांची वाट आपण का अडवायची?

पहिल्या वर्षी आम्ही फसलो ते वाऱ्याने. संध्याकाळी वारा होता, म्हणून आडोसा शोधला आणि बांधाखालच्या खोलगट वावरात तंबू मागितले. घरच्या मावशी म्हणाल्या, "तिथं गारठाल गं बायांनो." आम्हाला वाटलं, यांना वरची जागा आधी भरायची असेल. रात्री दोनच्या सुमाराला आमचे दात वाजायला लागले. गोधड्या दवाने भिजल्या होत्या. वरच्या अंगाला झोपलेली कॉलेजची मुलं मजेत होती.

नंतर उमगलं की ही गोष्ट आम्हाला लहानपणापासून माहीत आहे, फक्त दुसऱ्या नावाने. खाडीवर दिवसा समुद्राकडून खारा वारा येतो आणि रात्री जमिनीकडून मतलई वारा सुटतो, कारण जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. डोंगरातही तसंच. शाळेच्या भूगोलात याला दरीय वारे आणि पर्वतीय वारे म्हणतात. दिवसा उतार तापतो आणि हवा खालून वर चढते. रात्री उतार निवतो, त्याला लागलेली हवा गार आणि जड होते आणि पाण्यासारखी उताराने खाली वाहत येते. पाण्यासारखीच ती खोलगट जागेत साचते. म्हणून खड्ड्यापेक्षा थोड्या उंचवट्यावर झोपलं तर ऊब राहते. अगदी टोकावर जाऊ नये, तिथे वारा झोडपतो. मधली जागा बरी. दुसऱ्या वर्षी मावशींनी दाखवली तिथेच झोपलो.

तंबूच्या वर वाळलेली फांदी नको, हे सांगायला नको. पण आग्या मोहोळाचं सांगायला हवं. कड्यांना ही पोळी लटकलेली असतात. धूर, उग्र अत्तर आणि पोरांनी मारलेला दगड, या तिन्हींनी माश्या उठतात. पोळं दिसत असेल तर तिथे ना शेकोटी, ना आरडाओरडा.

आता झोपण्याबद्दल. जमिनीवर झोपणाऱ्याला सगळ्यांत मोठा धोका मण्यार सापाचा. तो रात्री फिरतो, आणि त्याचा दंश काही वेळा एवढा बारीक असतो की झोपेत कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, मग श्वास अडतो. म्हणून तंबूची चेन कायम लावलेली हवी, आत-बाहेर करतानाही. रात्री उठलं की बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. चप्पल-बूट झटकून घालायचे, कारण कोकणात लाल विंचूही आहे. त्याच्या दंशाने पूर्वी लहान मुलं दगावायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रुळवला आणि मृत्यूचं प्रमाण पुष्कळ खाली आलं. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. पण औषध कितीही चांगलं असलं तरी दवाखान्यात पोचावं लागतं. चावलेला भाग कापायचा नाही, चोखायचा नाही, दोरीने आवळायचा नाही. माणसाला धीर देऊन, हालचाल न करू देता, उचलून न्यायचं. १०८ ची गाडी रस्त्यापर्यंतच येते. प्रबळमाचीवरून ठाकूरवाडीपर्यंत झोळीच करावी लागणार. म्हणून निघण्याआधी दोन गोष्टी विचारून ठेवतो : सर्पदंशाची लस जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात आहे, आणि झोळीला माणसं मिळतील का.

शेकोटीचा मोह सगळ्यांना असतो. राखीव जंगलात आग पेटवणं भारतीय वन कायदा, १९२७ नुसार गुन्हा आहे, आणि वाळलेलं गवत ठिणगी मागतच असतं. शेकायचंच तर यजमानांच्या अंगणात, त्यांच्या नजरेखाली, आणि झोपण्याआधी पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत. एक मात्र कधीही करू नका : थंडी वाजते म्हणून शेगडी नाहीतर निखाऱ्यांची पाटी तंबूत घेऊ नका. बंद जागेत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. गुंगी येते आणि झोपलेलं माणूस उठत नाही.

खाणंही तंबूत ठेवायचं नाही, यजमानांच्या घरात ठेवायचं. आम्ही कोळणी, सोबत सुका जवळा होताच. पहिल्या वर्षी पिशवी तंबूच्या दाराशी राहिली आणि रात्रभर कुत्र्यांनी आमची राखण केली.

संडासाचा प्रश्न बाया लाजून विचारत नाहीत. आम्ही तो फोनवरच विचारतो : आहे का, आतून कडी आहे का, पाणी आहे का, दिवा आहे का? नसेल तर दिवसाउजेडी जागा बघून ठेवायची, पाण्यापासून किमान शंभर पावलं लांब, आणि वीतभर खड्डा करून वर माती लोटायची. पाळीचे पॅड पुरायचे नाहीत, जाळायचे नाहीत. कागदात गुंडाळून आपल्याबरोबर परत आणायचे.

पाण्याबद्दल एक बोलायचं राहिलं होतं. माचीवर उन्हाळा जवळ आला की पाणी लांबून आणावं लागतं, आणि आणणार कोण हे तुम्हाला सांगायला नको. आमच्यातल्या एकीने सकाळी दोन बादल्या अंघोळीला मागितल्या. मावशींनी दिल्या, काही बोलल्या नाहीत. नंतर त्यांची सून हंडा घेऊन वाटेला लागलेली दिसली तेव्हा आम्हाला उगाचच इकडेतिकडे बघावंसं वाटलं. दुसऱ्या वर्षी आम्ही तोंड-हातपाय धुतले, अंघोळ घरी आल्यावर.

ज्यांना स्वतःच्या गावात असा मुक्काम सुरू करायचाय त्यांच्यासाठी थोडं. शेत तुमचं असेल तर ठीक; वनखात्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय तंबू लावू नका. दर आधी सांगा, जेवणासकट की वेगळं तेही सांगा. येणाऱ्यांची नावं आणि फोन वहीत उतरवून घ्या. आणि चुकीच्या जागी हट्ट धरणाऱ्याला, जसा आम्ही धरला, सरळ नाही म्हणा. आमच्या मावशी भिडेखातर गप्प राहिल्या. भांडवलासाठी राज्य सरकारचं २०२३ चं महिलांसाठीचं 'आई' पर्यटन धोरण आहे. त्यात महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी बँकेच्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा अटींसह मिळतो. पर्यटन संचालनालयाकडे चौकशी करा, आणि बँकेत गटाने मिळून जा. एकटीला खुर्चीसुद्धा उशिरा मिळते.

येत्या जानेवारीत आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी गटातल्या दोघी आदल्या रविवारी वर जाऊन जागा, संडास आणि पाणी बघून येणार आहेत. मावशींनी फोनवर सांगितलंय, जवळा घेऊन या, पण पिशवी माझ्या घरात.