निवेदन नेमके कुणाला द्यायचे?

मालवण तालुक्यातल्या आपल्या वाड्यांमध्ये निवडणूक जवळ आली की निवेदने लिहिली जातात. पाखाडी खचली, निवेदन खासदारांना. जातीचा दाखला अडला, निवेदन सरपंचांना. फोटो निघतो आणि कागद कुठेतरी फाईलला लागतो. लोक अडाणी आहेत म्हणून हे होत नाही. सत्ता कशी वाटली आहे, हे त्यांना कुणी नीट सांगितलेलेच नाही.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत. काही विषय केंद्राचे, काही राज्याचे, काही दोघांचे. आपल्या किनाऱ्यावर तर ही वाटणी पाण्यातसुद्धा आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी हा राज्याचा विषय. तिथे १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा लागतो. त्यापलीकडचे पाणी केंद्राचे. म्हणून तिथल्या एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर २०१७ मध्ये बंदी घातली ती केंद्राने. जवळच्या पाण्यात पर्ससीन शिरली तर जाब राज्य सरकारला, म्हणजेच आमदारामार्फत विधानसभेत विचारायचा. दिल्लीला पत्र लिहून वर्ष घालवायचे नाही.

या वाटणीची सगळ्यात मोठी किंमत आपल्याच समाजाने मोजली आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेले लोक अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर गेले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि राज्य सरकारने नवबौद्धांना शिक्षणात व राज्याच्या नोकऱ्यांत सवलती दिल्या. राज्याच्या हातात तेवढेच होते. केंद्राच्या नोकऱ्या, लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागा यांसाठी अनुसूचित जातींची यादी लागते आणि कलम ३४१ प्रमाणे ती बदलण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे. ती दुरुस्ती झाली १९९० मध्ये. म्हणजे तीस वर्षे एकच माणूस मुंबईच्या कागदावर सवलतीस पात्र आणि दिल्लीच्या कागदावर अपात्र होता! आमच्या आधीच्या पिढीतल्या कित्येकांचे नोकरीचे वय त्यातच निघून गेले.

आता आजची पदे. खासदार कायदा करतो तो संसदेत, आमदार विधिमंडळात. दोघांकडे स्थानिक विकास निधी असतो; खासदार निधीतला किमान १५ टक्के भाग अनुसूचित जातींच्या वस्त्यांवर खर्च व्हावा, अशी मार्गदर्शक सूचना आहे. याबद्दल विचारणारे कार्यकर्ते फार कमी. तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी हे निवडून आलेले नसतात, ते अधिकारी. जातीचा दाखला प्रांताधिकारी देतात; तिथे सरपंचांचा अधिकार चालत नाही.

पाखाडी, पाणी, समाजमंदिर यांसाठी मात्र वाट ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद अशीच आहे. वस्ती विकास योजनेचा निधी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागामार्फत येतो. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि पुढची काही वर्षे तिथे प्रशासक होते. ज्याला मते मागायला आपल्या वाडीत यायचे नसते, त्याला वाडीचा रस्ता कोण दाखवणार?

या योजनेत वस्तीच्या लोकसंख्येप्रमाणे निधी ठरतो आणि काम पाच वर्षांच्या बृहत् आराखड्यात असावे लागते. म्हणून आराखडा होत असतानाच ग्रामसभेत जा. वर्षाला किमान चार ग्रामसभा बंधनकारक आहेत. वाडीची लोकसंख्या बरोबर लिहिली आहे का ते तपासा, काम ठरावात घालायला लावा आणि ठरावाची प्रत त्याच आठवड्यात मागून घ्या.