एक किलो लोखंड आणि एक किलो कापूस : एका कूटप्रश्नाची चिकित्सा

प्रस्तावना

‘एक किलो लोखंड जड की एक किलो कापूस?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी ऐकला आहे. घाईने ‘लोखंड’ असे उत्तर देणारा विद्यार्थी वर्गात हसण्याचा विषय होतो आणि ‘दोन्ही सारखेच’ हे उत्तर मिळाले की प्रश्न संपला असे मानले जाते. वस्तुतः अध्यापनाच्या दृष्टीने प्रश्नाची खरी सुरुवात तेथूनच व्हावयास हवी. ‘दोन्ही सारखेच’ हे उत्तर काही गृहीतकांवर आधारलेले आहे. ती गृहीतके स्पष्ट केल्याशिवाय ते उत्तर पूर्ण होत नाही. प्रस्तुत लेखात त्यांचा क्रमशः विचार केला आहे.

घनता, वस्तुमान आणि वजन

‘जड’ हा शब्द व्यवहारात दोन अर्थांनी वापरला जातो. ‘लोखंड कापसापेक्षा जड असते’ असे म्हणताना समान आकारमानाची तुलना अभिप्रेत असते. म्हणजेच येथे ‘जड’ याचा अर्थ ‘अधिक घनतेचे’ असा होतो. प्रश्नात मात्र आकारमान नव्हे, तर किलोग्रॅम समान ठेवलेला आहे. चुकणारा विद्यार्थी लोखंडाविषयीचे खरे ज्ञान चुकीच्या ठिकाणी लावतो, एवढाच त्याचा दोष असतो.

दुसरा भेद वस्तुमान व वजन यांतील आहे. वस्तुमान म्हणजे पदार्थातील द्रव्यसंचय, तर वजन म्हणजे त्यावर कार्य करणारे गुरुत्वीय बल. किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक असून वजन ही बलाच्या स्वरूपाची राशी आहे, हे वजने व मापे यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९०१ मध्येच स्पष्ट केले होते. एकाच ठिकाणी समान वस्तुमानांवरील गुरुत्वीय बल समान असते. या अर्थाने ‘दोन्ही सारखेच’ हे उत्तर निर्विवाद आहे.

हवेचा परिणाम

प्रत्यक्ष तोलण्याची क्रिया मात्र हवेत होते. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार प्रत्येक वस्तूवर, तिने बाजूला सारलेल्या हवेच्या वजनाइतके प्लावक बल वरच्या दिशेने कार्य करते. लोखंडाची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ७.८७ ग्रॅम असल्याने एक किलो लोखंड सुमारे १२७ घनसेंमी जागा व्यापते. कापसाच्या तंतूची घनता सुमारे १.५४ ग्रॅम असल्याने एक किलो कापसाचे तंतू सुमारे ६५० घनसेंमी जागा व्यापतात. कापसाचा ढीग याहून कितीतरी मोठा दिसतो. परंतु तंतूंच्या मधल्या पोकळीतील हवा ही बाहेरच्या हवेसारखीच असल्याने ती हिशेबात येत नाही.

समुद्रसपाटीजवळ हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.२ किलोग्रॅम असते. त्यावरून प्लावक बलामुळे लोखंडाच्या वजनात सुमारे ०.१५ ग्रॅमची, तर कापसाच्या वजनात सुमारे ०.७८ ग्रॅमची घट दिसेल. म्हणजेच अचूक एक किलो वस्तुमानाचे दोन्ही पदार्थ संवेदनशील तराजूत ठेवल्यास पारडे लोखंडाकडे सुमारे ०.६३ ग्रॅमने झुकेल. उलटपक्षी, हवेत पारडी समतोल असतील तर कापसाचे वस्तुमान तेवढ्याने अधिक असले पाहिजे. तोच तराजू निर्वातात नेल्यास कापसाचे पारडे खाली जाईल.

व्यवहारात याहून मोठा फरक आर्द्रतेमुळे पडतो. कापूस हवेतील बाष्प शोषून घेतो. वस्त्रोद्योगात कोरड्या कापसाच्या ८.५ टक्के इतकी आर्द्रता प्रमाण मानली जाते, म्हणजेच एक किलो कोरड्या कापसामागे ८५ ग्रॅम पाणी. कापसाच्या खरेदीत वजनाबरोबर आर्द्रताही का मोजली जाते, हे यावरून ध्यानात येते. एक किलो कापूस म्हणजे कोरडा की दमट, हा प्रश्न शेतकऱ्याच्या दृष्टीने कूटप्रश्न नसून उत्पन्नाचा प्रश्न आहे.

एककाचे गृहीतक

इंग्रजी परंपरेत हाच प्रश्न ‘एक पौंड सोने की एक पौंड पिसे’ असा विचारला जातो आणि तेथे उत्तर बदलते. मौल्यवान धातूंसाठीचा ट्रॉय पौंड १२ औंसांचा, म्हणजे सुमारे ३७३.२४ ग्रॅमचा असतो. सर्वसाधारण पौंड १६ औंसांचा, म्हणजे सुमारे ४५३.५९ ग्रॅमचा असतो. म्हणून एक पौंड पिसे एक पौंड सोन्यापेक्षा जड ठरतात. परंतु ट्रॉय औंस सुमारे ३१.१० ग्रॅमचा व साधा औंस सुमारे २८.३५ ग्रॅमचा असल्याने एक औंस सोने मात्र एक औंस पिसांपेक्षा जड ठरते. आपल्याकडेही १८० ग्रेनचा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, तर आज सराफी व्यवहारात तोळा म्हणजे १० ग्रॅम असे बहुधा समजले जाते. नाव एकच असले तरी माप एकच असते असे नाही.

हाताला येणारा अनुभव

फ्रेंच वैद्यक ऑगस्तॅं शार्पांतिए यांनी १८९१ मध्ये दाखवून दिले की, समान वजनाच्या दोन वस्तूंपैकी आकाराने लहान असलेली वस्तू हाताला अधिक जड भासते. २००७ मध्ये ‘परसेप्शन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डोळे बांधलेल्या व्यक्तींच्या हाती समान आकाराच्या व समान वजनाच्या पेट्या देण्यात आल्या. एकीत शिसे, तर दुसरीत पिसे होती. शिशाची पेटी अधिक जड वाटते असे सांगणाऱ्यांचे प्रमाण केवळ योगायोगाने येईल त्याहून अधिक होते. तेव्हा ‘लोखंड’ हे उत्तर निव्वळ अविचाराचे मानता येत नाही. त्यामागे शरीराचा प्रत्यक्ष अनुभवही असू शकतो.

निष्कर्ष

या प्रश्नाचे उत्तर कोणती राशी, कोणते एकक, कोणते माध्यम आणि कोणते मापनसाधन यांवर अवलंबून आहे. वस्तुमानाचा विचार केल्यास दोन्ही सारखे. हवेतील तराजूत लोखंड किंचित जड. हाताला कदाचित अधिकच जड. अध्यापकाने चुकलेल्या विद्यार्थ्याला ‘जड म्हणजे काय?’ असे विचारल्यास आणि बरोबर उत्तर देणाऱ्याला ‘कोठे व कशाने तोलले?’ असे विचारल्यास, घनता, प्लावक बल व मापनाच्या अटी हे तिन्ही विषय एकाच तासात उलगडतात. मोजमापाच्या अटी सांगितल्याशिवाय कोणताही आकडा अर्थपूर्ण होत नाही, हा विज्ञानशिक्षणातील मूलभूत संस्कार या साध्या प्रश्नातून घडविता येतो.